चाहत्याचे अनुशीलन : अद्भुतरम्य वाङ्मयाच्या वाचकाविषयी काही विचार

१

‘चाहता’ हा शब्द आपल्या समीक्षेच्या परिभाषेत नाही. ‘रसिक’ आहे, ‘सहृदय’ आहे, ‘भावक’ आहे; नाट्यविचारातला ‘सामाजिक’ही आहे. चाहत्याला मात्र आपण नाट्यगृहाच्या दाराशीच उभे ठेवले आहे. साहित्यविचाराच्या माजघरात त्याला कोणी बोलावलेले नाही.

असे असले तरी अद्भुतरम्य कादंबरीच्या क्षेत्रात गेल्या सहा-सात दशकांत जो वाचक घडला, त्याचे वर्णन वरीलपैकी कोणत्याही एका शब्दाने पुरतेपणी होत नाही. तो एकच ग्रंथ वर्षानुवर्षे वाचतो. वाचून झालेला ग्रंथ ध्वनिमुद्रणावर पुन्हा ऐकतो. त्यातील नकाशे, वंशावळी, कालगणना आणि कल्पित भाषा यांचा छंद म्हणून अभ्यास करतो, आणि सुटीच्या दिवशी चार मित्र जमवून त्याच धर्तीच्या जगात खेळ मांडतो. या साऱ्या उद्योगाला आपण सहसा ‘वेड’ म्हणतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या वेडाचा बराचसा भाग म्हणजे संस्कृत साहित्यशास्त्राने ज्याला ‘अनुशीलन’ म्हटले त्याचाच एक लौकिक प्रकार आहे, आणि त्याची दखल न घेतल्यामुळे वाङ्मयाचा इतिहास अपुरा राहतो. या प्रतिपादनासाठी जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) यांच्या वाचकांचे उदाहरण घेतले आहे. कारण या वाचकवर्गाच्या उद्योगाचा लेखी पुरावा विपुल आहे.

२

टोल्किन यांची ‘द हॉबिट’ १९३७ मध्ये आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही त्रिखंडात्मक कादंबरी १९५४–५५ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाली. समीक्षकांत प्रारंभापासून दुफळी होती. डब्ल्यू. एच. ऑडेन यांच्यासारख्या कवीने तिचा गौरव केला. उलट एडमंड विल्सन या मातब्बर अमेरिकन समीक्षकाने १९५६ मध्ये ‘द नेशन’मधील परीक्षणात तिला पोरकट ठरवले. विल्सन यांचा रोख जितका ग्रंथावर होता तितकाच तो आवडीने वाचणाऱ्या प्रौढांवर होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

हा प्रकार आपल्याला अपरिचित नाही. देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’विषयी आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात जे लिहिले ते या संदर्भात आठवते. खत्रींनी हिंदीला जितके वाचक मिळवून दिले तितके दुसऱ्या कोणी दिले नाहीत, त्यांच्या कादंबऱ्यांसाठी उर्दू जाणणारे कित्येक लोक हिंदी शिकले, हे शुक्लजी मोकळेपणाने मान्य करतात. आणि त्याच प्रकरणात या कादंबऱ्या साहित्याच्या कोटीत बसत नाहीत असा निर्णयही देतात. म्हणजे वाचकांची संख्या इतिहासात जमा झाली, परंतु त्यांच्या वाचनाचे स्वरूप काय होते हा प्रश्न उपस्थितच झाला नाही. एखाद्या ग्रंथासाठी माणसे नवी लिपी आत्मसात करतात, ही वाङ्मयीन घटना नव्हे काय?

या ठिकाणी राजशेखराचे साहाय्य घेता येईल. ‘काव्यमीमांसे’त त्याने भावकांचे चार प्रकार सांगितले आहेत : अरोचकी, म्हणजे ज्याला काहीच रुचत नाही असा, सतृणाभ्यवहारी, म्हणजे अन्नाबरोबर गवतही खाऊन टाकणारा, मत्सरी, आणि तत्त्वाभिनिवेशी, म्हणजे काव्याच्या मर्मापर्यंत पोचण्याचा ध्यास घेतलेला. अद्भुताच्या चाहत्याची गणना समीक्षकांनी दुसऱ्या वर्गात केली आहे. पुढे जे मिळेल ते गिळणारा, निवड नसलेला वाचक तो हाच, असे गृहीत धरले गेले. हे गृहीत पुराव्यावर कितपत टिकते ते पाहू.

३

१९६५ मध्ये ‘एस बुक्स’ या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने, अमेरिकन कायद्यात या ग्रंथाला संरक्षण नाही अशी भूमिका घेऊन, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची पेपरबॅक आवृत्ती लेखकाच्या संमतीवाचून बाजारात आणली. प्रत्येक खंडाची किंमत होती ७५ सेंट. त्याच वर्षी ‘बॅलन्टाइन’ने अधिकृत आवृत्ती काढली, तिची किंमत ९५ सेंट. टोल्किन यांनी अमेरिकेतील वाचकांच्या पत्रांना उत्तरे देताना ही हकिकत कळवण्यास सुरुवात केली, आणि बातमी वाचकांकडून वाचकांकडे पसरली. निषेध इतका वाढला की अखेर एस बुक्सला लेखकाशी समझोता करून मानधन देणे आणि पुनर्मुद्रण थांबवणे भाग पडले. वीस सेंट जास्त मोजणारा आणि प्रकाशकाला जाब विचारणारा हा वाचक ‘सतृणाभ्यवहारी’ खचित नव्हे. अन्न कोणते व गवत कोणते, याविषयी त्याचे मत ठाम होते.

पुढच्या काळात या आस्थेला संस्थात्मक रूप आले. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात मिथोपीइक सोसायटी आणि १९६९ मध्ये इंग्लंडमध्ये टोल्किन सोसायटी स्थापन झाली. दोहोंची नियतकालिके निघू लागली. रॉबर्ट फॉस्टर यांनी कादंबरीतील नावांचा व स्थळांचा कोश प्रथम ‘निएकस’ या हौशी नियतकालिकातून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तो १९७१ मध्ये ग्रंथरूपाने आला. त्याच वर्षी निघालेले ‘पार्मा एल्डालाम्बेरॉन’ हे पत्र केवळ टोल्किन यांच्या कल्पित भाषांच्या अभ्यासाला वाहिलेले होते. १९९० च्या दशकापासून टोल्किन यांची भाषाविषयक अप्रकाशित टिपणे क्रमाक्रमाने याच पत्रातून संपादित होऊन येत आहेत. छंद म्हणून सुरू झालेले टिपण अभ्यासकांचे प्राथमिक साधन बनले. मूळ ग्रंथकार स्वतः भाषाशास्त्राचा प्राध्यापक होता आणि कथेआधी भाषा घडवीत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या चाहत्यांनी भलतीकडेच लक्ष दिले असे म्हणता येणार नाही. ग्रंथाच्या मर्माकडेच त्यांचे लक्ष होते.

४

आता श्रवणाकडे वळू. ध्वनिमुद्रित ग्रंथ हा वाचनाचा आळशी पर्याय होय, असा एक समज सुशिक्षितांत आहे. टोल्किन यांच्या बाबतीत तो इतिहासाच्याच विरुद्ध जातो. या कादंबरीची प्रकरणे छापली जाण्याच्या कित्येक वर्षे आधी ऑक्सफर्डमधील मित्रमंडळीत मोठ्याने वाचली जात होती. तिचे पहिले रसिक श्रोतेच होते. १९५२ मध्ये, कादंबरी अद्याप अप्रकाशित असताना, माल्व्हर्न येथे जॉर्ज सेयर या मित्राच्या घरी टोल्किन यांनी टेप-रेकॉर्डरवर आपल्या दोन्ही ग्रंथांतील उतारे वाचले. यंत्रात काही भूतबाधा असल्यास ती जावी म्हणून त्यांनी आधी ख्रिस्ती प्रार्थना प्राचीन गॉथिक भाषेत म्हटली, असे सांगतात. या मुद्रणांच्या तबकड्या त्यांच्या निधनानंतर, १९७५ मध्ये निघाल्या. १९८१ मध्ये बी.बी.सी.ने सव्वीस भागांचे नभोनाट्य सादर केले, आणि १९९० मध्ये रॉब इंग्लिस यांनी संपूर्ण ग्रंथ अखंड वाचून मुद्रित केला.

श्रवणाने काय साधते? या कादंबरीत पद्ये पुष्कळ आहेत. मूकवाचन करणारा अधीर वाचक ती ओलांडून पुढे जातो. डोळ्याला तशी मुभा असते. कानाला ती नसते. श्रोत्याला निवेदकाच्या गतीने चालावे लागते, आणि पात्रांची मंद पायपीट हाच ज्या कथेचा मोठा भाग आहे तिच्यात ही गती अर्थाचाच घटक ठरते. भांडी घासताना किंवा रोजच्या प्रवासात ऐकणारा माणूस त्यामुळे कित्येकदा ग्रंथाच्या लयीशी अधिक जवळ असतो.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला हे पटण्यास अडचण पडू नये. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे खंड काढले; पण दास्तान मुळात सांगण्या-ऐकण्याची कला होती, आणि दिल्लीचे दास्तानगो मीर बाकर अली १९२८ मध्ये निवर्तले तेव्हा छापील खंड शाबूत असूनही ती परंपरा खंडित झाली. २००५ पासून शम्सुर्रहमान फारुकी यांच्या प्रेरणेने व महमूद फारुकी यांच्या सादरीकरणाने ती पुन्हा उभी राहिली. मराठी घरांतही पोथी एक जण वाची व घर ऐके. त्याच पोथीचे पुनःपुन्हा वाचन म्हणजे ‘पारायण’. त्यात कथेचा शेवट ठाऊक असतो. उत्सुकता शेवटाची नसतेच. चाहत्याच्या वार्षिक पुनर्वाचनाला मराठीत याहून नेमका शब्द नाही. धार्मिक फलश्रुतीचा भाग मात्र वगळावा लागेल.

अभिनवगुप्ताने सहृदयाचे लक्षण सांगताना, काव्याच्या अनुशीलनाच्या अभ्यासाने ज्याचा मनोरूपी आरसा स्वच्छ झाला आहे, त्यालाच वर्ण्यविषयाशी तन्मय होण्याची पात्रता येते असे म्हटले आहे. आपण या लक्षणातील तन्मयता उचलली आणि अभ्यास विसरलो. सहृदयता उपजत असते असा समज रूढ झाला. वस्तुतः आरसा रोज पुसावा लागतो. आणि चाहता नेमके तेच करीत असतो.

५

येथवरचे विवेचन चाहत्याची वकिली वाटू नये म्हणून मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. साधारणीकरणात विशेष गळून पडतात आणि भाव उरतो. चाहता याच्या उलट वागतो. त्याला विशेषच हवे असतात. मुद्रिका नष्ट होते ती तारीख २५ मार्च, हे त्याला पाठ असते. टोल्किन सोसायटी २००३ पासून त्या दिवशी वाचनदिन पाळते. तपशिलाची ही ओढ कधी कधी स्वतःच साध्य होऊन बसते. मग संग्रह वाढतो आणि वाचन खुंटते. बाजारालाही तेच हवे असते.

खेळाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला. त्यात ‘हॉबिट’ हा शब्द होता; हक्कधारकांच्या हरकतीनंतर त्या जागी ‘हाफलिंग’ आला. गंमत अशी की हा दुसरा शब्दही टोल्किन यांच्याच कादंबरीत हॉबिटांसाठी योजलेला आहे. नाव बदलले, खेळ चालू राहिला. यावरून दिसते की खेळाडूने ग्रंथातून व्यक्ती न घेता जग रचण्याची रीत घेतली. टोल्किन यांनी १९३९ च्या सेंट अँड्र्यूज येथील परीकथांवरील व्याख्यानात लेखकाच्या ज्या उपनिर्मितीचा सिद्धान्त मांडला, तिच्यात आता वाचकही वाटेकरी झाला. तो तन्मय होतो, पण स्वस्थ बसत नाही. म्हणून त्याला सरळ ‘सहृदय’ म्हणून चालणार नाही. अनुशीलनात तो सहृदयाचा सहाध्यायी आहे. विश्रांतीत मात्र त्याचा मार्ग वेगळा होतो. त्याच्या उत्साहाची परीक्षा एकाच प्रश्नाने करावी : हा उद्योग त्याला पुन्हा ग्रंथाकडे आणतो की ग्रंथापासून दूर नेतो?

६

वर्गात तौलनिक साहित्य शिकवताना असा एक विद्यार्थी भेटला, की ज्याला या कादंबरीच्या परिशिष्टांतील वंशावळी मुखोद्गत होत्या. निबंधासाठी मात्र त्याने एक ‘गंभीर’ कादंबरी निवडली आणि तिच्यावर चार निर्जीव पाने लिहिली. कारण विचारता म्हणाला, “सर, ते तर मी घरी वाचतो.” आपल्या अध्यापनातील उणीव या एका वाक्यात आली आहे. घरी जे वाचले जाते त्यालाच अनुशीलनाची सवय असते, आणि तीच आपण दाराबाहेर काढून ठेवायला सांगतो.

मराठी कादंबरीच्या इतिहासातही हेच घडले. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. तिच्यामागून नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली. या कादंबऱ्यांकडे आपण हरिभाऊ आपट्यांकडे जाणाऱ्या जिन्याच्या खालच्या पायऱ्या म्हणून पाहतो. पायरीवर कोणी बसून राहिले होते काय, कोणी तेथेच रमले होते काय, हे विचारीत नाही. आज मुग्धा कर्णिक यांच्या ‘स्वामी मुद्रिकांचा’ या अनुवादामुळे टोल्किन मराठीत आले आहेत. त्यांचे मराठी वाचक आपल्या डोळ्यांदेखत घडत आहेत. ग्रंथालयाच्या देवघेवीच्या नोंदी, जुन्या प्रतींच्या समासातील खुणा, वाचकांची पत्रे, श्रोत्यांच्या आठवणी, ही साधने वेळीच जमवली तर ‘मुक्तामाले’च्या वाचकांच्या बाबतीत झालेली हयगय या वाचकांच्या बाबतीत टळेल. त्यासाठी प्रथम त्या विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे : घरी जे वाचतोस त्यावरच लिही.