दगडांची वाट

ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स हा डोंगराळ प्रदेश आहे. त्याच्या उत्तर भागात ‘कॉइड अ ब्रेनिन’ नावाचे विस्तीर्ण अरण्य पसरले आहे. वेल्श भाषेत या नावाचा अर्थ ‘राजाचे अरण्य’ असा होतो.

१९९० नंतरच्या दशकात या अरण्यात सायकलस्वारांसाठी मुद्दाम डोंगरवाटा बांधण्यात आल्या. हे काम सोपे नव्हते. तेथे पाऊस फार. ओल्या मातीवरून चाके पुनःपुन्हा गेली, की चाकोरी पडते. चाकोरीतून पाणी धावू लागते, माती धुपते आणि झाडांची मुळे उघडी पडतात. चिखल चुकविण्यासाठी सायकलस्वार कडेने जातो. मग वाट रुंदावते व कोवळी रोपे चिरडली जातात.

यावरील उपाय डोंगराच्याच पोटात होता. कामकऱ्यांनी तेथील दगड एकमेकांस घट्ट भिडवून जमिनीत रोवले. पाणी बाजूस निघून जावे म्हणून वाटेला उतार दिला. वाट खडबडीत झाली खरी. परंतु माती जागच्या जागी राहिली. जो दगड वाटेतील अडथळा वाटतो, तोच वाटेचा राखणदार ठरला!

मुलांनो, कामकऱ्याने आरंभिलेले हे रक्षण सायकलस्वारानेच पुरे करावयाचे असते. त्याने आखलेली वाट सोडू नये. ब्रेक करकचून दाबून चाक फरफटत नेऊ नये. ज्या रानाने आपणांस आनंद दिला, त्याची माती जपणे हेच त्या आनंदाचे मोल होय.

स्वाध्याय
१. चाकोरीमुळे अरण्याची कोणती हानी होते?
२. दगडाला ‘वाटेचा राखणदार’ का म्हटले आहे?
३. तुमच्या परिसरातील एखाद्या पायवाटेचे पावसाळ्यात निरीक्षण करून दहा ओळी लिहा.