गागोदे आणि शेंगेन

पेण तालुक्यातील गागोदे या खेड्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म झाला. त्यांचे घर पाहण्यास लोक आजही तेथे जातात.

भूदानासाठी देशभर पायी हिंडणाऱ्या विनोबांचा घोष होता, ‘जय जगत्!’ तो केवळ बोलण्यापुरता नव्हता. सप्टेंबर १९६२ मध्ये ते आसामातून पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, चालत गेले. फाळणीची जखम तेव्हा ओली होती. तरीही तेथील मुसलमान शेतकऱ्यांनीसुद्धा भूमिहीनांसाठी त्यांना जमीन दिली. मात्र सीमा ओलांडण्यास पाकिस्तान सरकारची अनुमती लागली. संताची वाटही सीमेपाशी अडतेच!

अशी अनुमतीच नको, असे युरोपातील पाच देशांनी ठरविले. लक्झेंबर्गमधील शेंगेन गावी, मोझेल नदीतील एका जहाजावर, १४ जून १९८५ रोजी त्यांनी करार केला. पलीकडच्या तीरावर जर्मनी, हाकेच्या अंतरावर फ्रान्स! मार्च १९९५ मध्ये सीमेवरील तपासणी थांबली. आज नदीकाठी स्मृतिस्तंभ उभे आहेत आणि संग्रहालयात सीमारक्षकांच्या जुन्या टोप्या मांडल्या आहेत.

परंतु सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली. शेंगेनसमोरची सीमाही त्यांतलीच.