स्वादुपिंडाचे जुनाट दुखणे आणि वेदनाशामक औषधे

पोटाच्या वरच्या भागातून पाठीपर्यंत जाणारी, जेवणानंतर वाढणारी आणि पुढे वाकून बसल्यावर थोडी सुसह्य होणारी वेदना हे दीर्घकालीन स्वादुपिंडदाहाचे मुख्य लक्षण होय. मद्य व तंबाखू ही त्याची मोठी कारणे आहेत, आणि आपल्या कोकणातील मशेरी हीसुद्धा तंबाखूच. तथापि दारूला कधी स्पर्शही न केलेल्या तरुणांनाही हा विकार होतो. केरळमध्ये असे रुग्ण पूर्वीपासून मोठ्या संख्येने आढळले आहेत. तेव्हा प्रत्येक रुग्णास व्यसनी समजणे अन्यायाचे ठरते.

ग्रंथी झिजलेली असल्यामुळे या रुग्णांच्या रक्तातील अमायलेज पुष्कळदा नॉर्मल येते. मग 'रिपोर्ट चांगला आहे, दुखणे मनाचे आहे' असे घरची मंडळी धरून चालतात. वस्तुतः नलिकेतील खडे व दाब यांबरोबरच मज्जातंतूही अतिसंवेदनशील झालेले असतात, आणि खडे काढल्यावरही काहींची वेदना राहते.

उपचाराचा आरंभ पॅरासिटामॉलने होतो. ट्रॅमाडॉलच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते. दोन्ही एकत्र दिल्यास मात्रा नकळत वाढून यकृतास अपाय होऊ शकतो. डायक्लोफेनॅकची इंजेक्शने वरचेवर घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांना धोका असतो. मज्जातंतूंच्या वेदनेत प्रिगॅबालिनचा काहींना उपयोग होतो.

मॉर्फिनसारखी अफूजन्य औषधे अखेरची. त्यांची मात्रा वाढत जाते, बद्धकोष्ठता होते आणि कधी त्यांच्यामुळेच वेदना वाढते. आज लांज्याला, उद्या रत्नागिरीला, परवा मुंबईला इंजेक्शन घेतले, तर एकूण किती औषध पोटात गेले हे कोणत्याच डॉक्टरास कळत नाही. म्हणून डॉक्टर एकच असावा. वहीत तारीख, औषध, मात्रा व झोपेचे तास लिहावेत. चालू असलेले औषध मात्र मनाने एकदम बंद करू नये.

विश्वस्तांसाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे रुग्णालयांना मॉर्फिन बाळगणे जिकिरीचे झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सोपी केली. २०१८ पासून ट्रॅमाडॉलही याच कायद्याखाली आले. गोळी महाग नाही. खर्च येतो तो कुलूपबंद कपाट, चोख नोंदवही आणि प्रशिक्षित माणूस यांवर.

नलिका फुगलेली असल्यास शस्त्रक्रियेचा सल्ला लवकर घ्यावा. नेदरलँड्समधील ८८ रुग्णांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची वेदना दीड वर्षाच्या काळात दुर्बिणीच्या उपचारापासून आरंभ केलेल्यांपेक्षा कमी राहिली. रत्नागिरीच्या रुग्णाने कोल्हापूर वा मुंबईचा हा प्रवास वर्षानुवर्षे इंजेक्शने घेण्याआधीच करावा. जाताना ती वही बरोबर न्यावी.