हाताची चव आणि मिठाची पुडी

आपल्या भागात घराची ओळख स्वयंपाकावरूनही होते. ‘मटण खावे तर थोरल्या वहिनींच्या हातचे’, ‘शेंगोळी करावीत ती आत्याबाईंनीच’ असे आपण सहज बोलून जातो. भिगवणकडे उजनीच्या पाण्यातील चिलापीचे कालवण, जिरायती गावांत हुलग्याची शेंगोळी आणि बाजरीची भाकरी, कालव्याच्या बाजूला पुरणपोळी आणि येळवणीची आमटी. प्रत्येक घरात एखादी तरी बाई अशी असते की तिचा एक पदार्थ दुसऱ्या कुणाला तसा जमत नाही. तो तिचा हातखंडा पदार्थ आणि तोच तिचा मान.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे वाचकांना वाटेल. परंतु रक्तदाब, मधुमेह आणि रक्तक्षय या तिन्ही तक्रारींची वाट चुलीजवळून जाते. शिवाय या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली होती. ती सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही.

‘बंद’ या शब्दाचा परिणाम

काही वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यातील एका वस्तीवरचे पन्नाशी उलटलेले शेतकरी माझ्याकडे आले. रक्तदाब १८०/११०. मी गोळ्या लिहून दिल्या आणि चिठ्ठीच्या खाली लिहिले, ‘मटण बंद, खर्डा बंद, तेल-मीठ बंद.’ दोन महिन्यांनी ते पुन्हा आले तेव्हा रक्तदाब १७०/१०६. गोळ्या नियमित चालू होत्या. मग घोटाळा कुठे?

सोबत त्यांच्या पत्नी होत्या. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्ही माझा हातच बांधून टाकलाय. घरचं आळणी गिळवत नाही म्हणून मालक बाजाराच्या दिवशी ढाब्यावर जेवून येत्यात.”

या मावशींच्या हातचे मटण साऱ्या वस्तीत वाखाणले जाई. पाहुणे आले की शेजारच्या घरीही त्यांनाच बोलावणे असे. मी एका ओळीत त्यांचा तो मान काढून घेतला होता आणि रोग्याला घरच्या ताटावरून उठवून ढाब्याच्या बाकावर नेऊन बसवले होते. तिथे तेल-मिठावर ना त्यांचा ताबा, ना माझा. चूक माझी होती.

अंदाज मोजून पाहा

“मावशी, मटणाला मीठ किती घालता?” मी विचारले. “अंदाजानं,” त्या म्हणाल्या. आपल्या सगळ्या घरांचे हेच उत्तर असते. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ या पुस्तकाने १९७० पासून वाटी-चमच्याचे माप घरोघरी पोचवले, तरी मीठ आपण अजून चिमटीनेच घालतो. चिमटीत काही वाईट नाही. पण ती चिमूट केवढी, हे एकदा तरी मोजून पाहिले पाहिजे.

मी त्यांना एक काम दिले. सकाळी एका वाटीत चहाच्या चमच्याने मोजून मीठ घ्यायचे, दिवसभर त्यातूनच वापरायचे आणि रात्री उरलेले मोजायचे. घरात माणसे सहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे साधारण तेवढेच. या हिशेबाने सहा माणसांना सहा चमचे पुरायला हवे होते. मावशींचे बारा चमचे संपत होते!

त्या स्वतःच चकित झाल्या. मग आम्ही दोघांनी बसून ते मीठ कुठे जाते याचा शोध घेतला. निम्मे कालवणात, बाकीचे चपातीच्या कणकेत, खर्ड्यात, ताकात आणि ताटात डाव्या बाजूला वाढलेल्या मिठात. लोणचे आणि पापड तर या हिशेबात धरलेच नव्हते.

आता उपाय सांगणार कोण? मी नव्हे, त्याच सांगू लागल्या. “कणकेतलं मीठ काढलं तर कुणाला कळायचंबी नाही. ताटात मीठ वाढायचंच नाही. कालवणात लसूण आणि भाजलेलं खोबरं जरा वाढवते, वरून लिंबू पिळते, म्हणजे मीठ कमी लागंल.” तर्री थोडी निवली की वरचा तवंग पळीने काढून ठेवायचा, हेही त्यांनीच सुचवले. पुस्तकातून मला एवढे सुचले नसते.

मीठ एकदम न तोडता दर आठवड्याला थोडे थोडे कमी करायचे ठरले. जिभेला कमी मिठाची सवय होण्यास काही आठवडे लागतात आणि एकदा झाली की जुने कालवण खारट लागते. दोन महिन्यांत वाटी सात चमच्यांवर आली. पंधरा दिवसांनी एकदा मटण होत होते, तेही घरी. ढाबा सुटला. गोळ्या चालूच होत्या आणि त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे, पण आता रक्तदाब १३८/८६ होता.

आवड बदलते

‘आमची आवडच तशी’ असे अनेकजण म्हणतात. आवड जन्मासोबत येत नाही, ती सवयीने येते. आपल्याच दोन तालुक्यांकडे पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला, पुढे साखर कारखाने उभे राहिले. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि जलाशयाकाठच्या घरांत मासळी नेहमीची झाली. ज्या घरी दोन्ही वेळा भाकरी होती तिथे चपाती आली आणि चहा दिवसातून चार वेळा होऊ लागला. पाण्यासोबत जीभ बदलली. तेव्हा ती पुन्हा थोडी बदलता येते.

करणारीच्या ताटात काय?

शेवटच्या भेटीत मी मावशींना विचारले, “तुम्हाला स्वतःला काय आवडतं?” त्या हसल्या. “मला काय, उरंल ते.” मालकही गप्प झाले. तीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांनीही विचारला नव्हता.

बोलता बोलता कळले की सगळ्यांची पंगत उठल्यावर त्या जेवायला बसत. वस्तीभर नावाजलेल्या त्या मटणाची फोड त्यांच्या ताटात क्वचितच येई. भाकरी आणि पातेल्याच्या तळाचा रस्सा, एवढेच. माझे लक्ष त्यांच्या फिकट नखांकडे गेले. जिना चढताना धाप लागते, हे त्यांनी ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिले होते. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८. स्त्रियांत ते १२ च्या खाली असले की रक्तक्षय समजतात. दोन महिने मी नवऱ्याचा रक्तदाब मोजत होतो आणि शेजारी बसलेला रोगी मला दिसला नव्हता.

मावशींची ही गोष्ट एकटीची नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला.

त्यांना लोहाच्या गोळ्या दिल्या. एवढा रक्तक्षय नुसत्या आहाराने भरून येत नाही आणि पाळीतील जादा रक्तस्राव, मूळव्याध, जंत अशी कारणेही शोधावी लागतात. पण मी पुन्हा विचारले, “आईच्या घरी काय आवडायचं?” तेव्हा उत्तर आले, “हुलग्याची शेंगोळी.” पोरे तोंड वाकडे करतात म्हणून कित्येक वर्षे केली नव्हती. हुलग्यात प्रथिने आहेत, लोहही आहे. वर लिंबू पिळले की ते लोह अंगी लागण्यास मदत होते. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर उलट अडथळा होतो. म्हणून चिठ्ठीवर लिहिले, ‘आठवड्यातून एकदा शेंगोळी. सर्वांनी एकत्र जेवायला बसावे.’ या वेळी ‘बंद’ हा शब्द कुठेही नव्हता.

घरी करून पाहण्यासारखे

१. मिठाची पुडी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख घाला. पाच मोठ्या माणसांच्या घरात १ किलो मीठ निदान ४० दिवस पुरले पाहिजे.

२. तेलाच्या डब्यावरही तारीख घाला. माणशी महिन्याला अर्ध्या-पाऊण किलोत भागवावे.

३. साखर माणशी दिवसाला पाच-सहा चमच्यांच्या आत असलेली बरी. गूळही यातच धरावा. मधुमेहाला गूळ चालतो, हा गैरसमज आहे.

४. हातखंडा पदार्थ सोडू नका. तो किती वेळा, किती आणि किती मिठाचा, एवढेच ठरवा.

५. ‘कमी सोडियमचे मीठ’ मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. मीठ कमी केले म्हणून गोळ्याही आपल्या मनाने बंद करू नयेत.

आणि एक काम घरातील पुरुषांसाठी. आज जेवायला बसण्यापूर्वी स्वयंपाक करणारीला विचारा, तुला काय आवडते? उत्तर ‘काहीही चालेल’ असे आले तर पुन्हा विचारा. तिचे ताट आपल्यासोबत वाढले जाऊ द्या आणि पहिली फोड त्यात पडू द्या.