घटक ६ : डिस्क इमेज आणि तिचे रूपांतर

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस डिस्क इमेज ही संकल्पना स्पष्ट करता येईल. एका स्वरूपातील इमेज दुसऱ्या स्वरूपात नेताना कोणता ऐवज टिकतो आणि कोणता गळतो हे सांगता येईल. तसेच कमांड लाइनचा, म्हणजे आज्ञा-ओळीचा, उपयोग करून असे रूपांतर स्वतः करता व तपासता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात हा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. मागील घटकात आपण हस्तलिखितांची पाठचिकित्सा पाहिली. पोथीची नक्कल करणारा लेखनिक समासातील टिपा गाळतो, आणि पुढे मूळ पोथी नष्ट झाली म्हणजे त्या टिपा कायमच्या जातात, हे आपण तेथे लक्षात घेतले. १९९० नंतरच्या काळातील बरेचसे संशोधन-साहित्य पोथीत नसून फ्लॉपीवर आणि सीडीवर आहे. लोकगीतांची ध्वनिमुद्रणे, बोलीभाषेच्या सर्वेक्षणातील मुलाखती, टंकलिखित प्रबंध, असे पुष्कळ काही या चकत्यांवर पडून आहे. या चकत्या झिजतात, आणि त्या वाचणारी यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत. म्हणून अभ्यासकाच्या हाती आज मूळ चकतीऐवजी तिची ‘इमेज’ येते आणि तिची नक्कल करणारा लेखनिक आपणच असतो.

६.२ डिस्क इमेज म्हणजे काय?

चकतीवरील फाइली एकेक करून उतरवून घेणे ही एक पद्धत. संपूर्ण चकती पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत जशीच्या तशी एकाच फाइलीत उतरवणे ही दुसरी. दुसऱ्या पद्धतीने जी फाइल मिळते तिला डिस्क इमेज म्हणतात. पहिल्या पद्धतीत केवळ मजकूर येतो. दुसरीत मजकूर कोठे, कोणत्या क्रमाने ठेवला होता, कोणती जागा रिकामी होती, हेही येते.

सर्वांत सोपे उदाहरण १.४४ एमबी क्षमतेच्या फ्लॉपीचे आहे. तिच्यावर ५१२ बाइटांचे २,८८० सेक्टर असतात. म्हणून तिची साधी इमेज नेमकी १४,७४,५६० बाइटांची असते. अशा इमेजला कोणी ‘आयएमजी’, कोणी ‘आयएमए’ असा प्रत्यय लावतो. आतला ऐवज एकच. येथे नाव बदलले तरी काही बिघडत नाही. मात्र याच अनुभवावरून प्रत्यय बदलणे म्हणजेच रूपांतर, असा समज रूढ झाला आहे आणि तो घातक आहे. सीडीच्या बाबतीत तो मुळीच लागू पडत नाही.

६.३ सीडीच्या एका सेक्टरचे गणित

सीडीवरील प्रत्येक सेक्टर २,३५२ बाइटांचा असतो. सेक्टरमध्ये संगीत किंवा आवाज असेल तर ते सर्व बाइट आवाजाचेच असतात. फाइलींची माहिती असेल, तर नेहमीच्या रचनेत (तिला ‘मोड १’ म्हणतात) त्यांपैकी फक्त २,०४८ बाइट प्रत्यक्ष माहितीचे. उरलेले ३०४ बाइट सेक्टरची खूण, त्याचा पत्ता आणि चुका शोधून दुरुस्त करण्याची सोय यांसाठी राखलेले असतात. आवाजात एखादा बाइट चुकला तर कानाला क्वचितच जाणवतो. प्रबंधात चुकला तर फाइलच उघडत नाही. ही दुहेरी व्यवस्था त्यासाठीच आहे.

आता दोन प्रचलित स्वरूपे पाहू. ‘बिन’ ही फाइल प्रत्येक सेक्टरचे पूर्ण २,३५२ बाइट साठवू शकते. तिच्यासोबत ‘क्यू’ नावाची एक लहानशी मजकूर-फाइल असते. ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचता येते. कोणता ट्रॅक माहितीचा, कोणता आवाजाचा, कोणता कोठून सुरू होतो, हे तिच्यात लिहिलेले असते. याउलट ‘आयएसओ’ या फाइलीत माहितीच्या सेक्टरचे केवळ २,०४८ बाइट एकापुढे एक मांडलेले असतात. आवाजाच्या ट्रॅकला तिच्यात स्थानच नाही.

उदाहरणार्थ, एका सीडीवर माहितीचे ५,००० सेक्टर आहेत. ‘बिन’मध्ये ते १,१७,६०,००० बाइट व्यापतात, ‘आयएसओ’मध्ये १,०२,४०,०००. हा फरक पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण वगळलेला भाग माहितीवरून पुन्हा काढता येतो. त्याच सीडीवर पुढे ४ मिनिटांचे एक गीत आहे. आवाजाचे सेकंदाला ७५ सेक्टर, म्हणजे १,७६,४०० बाइट. ४ मिनिटांचे ४,२३,३६,०००. हे बाइट ‘आयएसओ’मध्ये नसतीलच, आणि ते कशावरूनही पुन्हा काढता येणार नाहीत.

देवनागरी मजकूर मोडीत उतरवताना असेच घडते. मोडीत इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळले जात नाहीत. मोडीतून पुन्हा देवनागरीत येताना भाषा जाणणारा वाचक काही भेद तर्काने भरून काढतो; पण मूळ लेखकाने शुद्धलेखन कसे केले होते, हे त्या मोडी प्रतीवरून कधीही कळत नाही.

आपली प्रगती तपासा – १
‘क्यू’ फाइलीत वेळ मिनिट, सेकंद आणि सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग अशा तीन जोड-अंकांत लिहितात. वरील सीडीवर ५,००० सेक्टरनंतर लगेच गीत सुरू होत असेल, तर ‘क्यू’ फाइलीत कोणती वेळ आढळेल? (दोन ट्रॅकमध्ये एरवी असणारी दोन सेकंदांची रिकामी जागा येथे सोयीसाठी धरलेली नाही. उत्तर : ०१:०६:५०.)

६.४ आज्ञा-ओळीवरील रूपांतर

खिडक्या आणि बटणे असलेल्या आज्ञावलींनी हे काम होत नाही असे नाही. तथापि, आज्ञा-ओळीचा एक गुण संशोधकाला मोलाचा आहे. आपण दिलेली आज्ञा अक्षरशः नोंदवून ठेवता येते, आणि दहा वर्षांनी दुसरा अभ्यासक ती वाचून ही प्रत कशी तयार झाली हे समजू शकतो. पोथीच्या शेवटी लेखनिक जी पुष्पिका लिहीत असे, तिच्याशी याचे नाते आहे.

येथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात आज्ञेचे नाव, पर्याय आणि प्रत्यय रोमन अक्षरांत टंकावे लागतात. उबुंटू या लिनक्स प्रणालीवर ‘बीचंक’ ही आज्ञावली विनामूल्य मिळते. टर्मिनल उघडून, इमेज ज्या फोल्डरमध्ये आहे तेथे जाऊन पुढील ओळ द्यावी :

बीचंक -डब्ल्यू ओव्या.बिन ओव्या.क्यू ओवी

ओळीचा अन्वय असा : पहिला शब्द आज्ञावलीचा, ‘-डब्ल्यू’ हा पर्याय, नंतर मूळ इमेज, तिची ‘क्यू’ फाइल आणि शेवटी तयार होणाऱ्या फाइलींच्या नावाचा आरंभ. आज्ञा पूर्ण झाल्यावर माहितीच्या ट्रॅकची ‘ओवी०१.आयएसओ’ आणि आवाजाच्या ट्रॅकच्या ‘ओवी०२.वेव्ह’, ‘ओवी०३.वेव्ह’ अशा फाइली मिळतात.

‘-डब्ल्यू’ हे एक अक्षर क्षुल्लक दिसते. ते क्षुल्लक नाही, हे प्रस्तुत लेखकाला स्वतःच्या चुकीतून कळले, म्हणून ती चूक येथे नोंदवतो. एका निवृत्त शिक्षिकेने जात्यावरच्या ओव्यांचा आपला संग्रह इमेजच्या रूपाने दिला होता. पहिल्या ट्रॅकमध्ये टंकलिखित संहिता होत्या. पुढील ट्रॅकमध्ये त्या गाणाऱ्या स्त्रियांचे आवाज. रूपांतर करताना ‘-डब्ल्यू’ दिले नाही. आयएसओ फाइल व्यवस्थित उघडली, संहिता वाचता आल्या. सोबत ‘सीडीआर’ प्रत्ययाच्या काही मोठ्या फाइली तयार झाल्या, त्या मात्र कोणत्याही प्लेअरवर उघडेनात. त्या निकामी समजून पुसल्या. जागा हवी म्हणून मूळ ‘बिन’ही पुसली. वस्तुतः त्या ‘सीडीआर’ फाइलींतच आवाज होता. फक्त प्लेअरला वाट दाखवणारे ४४ बाइटांचे ‘वेव्ह’चे शीर्ष त्यांना जोडलेले नव्हते. हे उमगले तेव्हा मूळ सीडी वाचण्याच्या पलीकडे गेली होती. संहिता आजही आहेत. गळ्याची फिरत, जात्याची घरघर, मध्येच कोणीतरी सुचवलेला शब्द, हे त्यांत नाही. बाईंना हे सांगावे लागले.

यावरून कामाचा एक क्रम ठरतो. मूळ इमेज वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून ती ‘केवळ वाचनासाठी’ करावी. ‘क्यू’ फाइल आधी वाचून ट्रॅक मोजावेत. रूपांतरानंतर तेवढ्याच फाइली मिळाल्या का, हे पाहावे. प्रत्येक आवाजाच्या फाइलीचे बाइट १,७६,४०० ने भागून येणारे सेकंद ‘क्यू’मधील वेळेशी जुळतात का, तेही पाहावे. जागा कितीही अपुरी पडली तरी मूळ ‘बिन’ आणि ‘क्यू’ पुसू नये.

६.५ इतर काही स्वरूपे

‘निरो’ या आज्ञावलीची ‘एनआरजी’ इमेज जुन्या संग्रहांत बऱ्याचदा भेटते. तिच्यात एकच माहिती-ट्रॅक असेल तर ‘एनआरजी-टू-आयएसओ’ ही आज्ञावली आरंभीचे ३,०७,२०० बाइट सोडून पुढील भाग उतरवून घेते. तिच्यात आवाज असेल, तर वरील सावधगिरी येथेही लागू आहे.

ॲपलच्या संगणकांवरील ‘डीएमजी’ इमेज ‘एचडीआययूटिल कन्व्हर्ट’ या आज्ञेने बदलता येते. ‘यूडीटीओ’ हे स्वरूप मागितल्यास मिळणाऱ्या फाइलीचा प्रत्यय पुन्हा ‘सीडीआर’च असतो, पण ही सीडीआर आवाजाची नसून संपूर्ण इमेजची असते. नाव एक, वस्तू दोन! शिवाय तिला ‘आयएसओ’ असे नाव दिले तरी आतील फाइलींची मांडणी ॲपलच्या पद्धतीचीच राहते, म्हणून अन्य संगणकांवर ती उघडेलच असे नाही. बाहेरचे वेष्टन बदलले, आतली मांडणी बदलली नाही, एवढाच याचा अर्थ.

आभासी संगणकांच्या इमेजसाठी (‘व्हीडीआय’, ‘व्हीएमडीके’, ‘क्यूकाऊ२’ इत्यादी) ‘क्यूईएमयू-इमेज’ ही एकच आज्ञावली पुरते. तिची ‘इन्फो’ ही उपआज्ञा स्वरूप ओळखते, ‘कन्व्हर्ट’ बदलते आणि ‘कम्पेअर’ दोन इमेजमधील ऐवज ताडून पाहते. इमेजमध्ये साठवलेल्या पूर्वावस्था, म्हणजे ‘स्नॅपशॉट’, रूपांतरित प्रतीत येत नाहीत.

६.६ ओळख आणि पडताळणी

इमेज कोणत्या स्वरूपाची आहे, हे प्रत्ययावरून नव्हे तर आतल्या बाइटांवरून ठरवावे. लिनक्स व ॲपल या दोन्ही प्रणालींत ‘फाइल’ याच नावाची एक आज्ञा आहे. ती हे काम करते. आयएसओमध्ये आरंभीचे ३२,७६९ बाइट ओलांडल्यावर ‘सीडी००१’ ही पाच चिन्हे असतात. ती त्या ठिकाणी नसतील, तर नाव काहीही असो, ही नेहमीची आयएसओ नव्हे.

मूळ इमेज अबाधित आहे याची खात्री करण्यासाठी ‘एसएचए२५६सम’ ही आज्ञा आहे. ती कोणत्याही फाइलीचा ६४ चिन्हांचा एक ठसा देते. एक बाइट बदलला तरी ठसा पार बदलतो. इमेज हाती येताच ठसा काढून नोंदवहीत लिहावा आणि रूपांतरानंतर त्याच मूळ इमेजचा पुन्हा काढावा. मूळ व रूपांतरित प्रतींचे ठसे एकमेकांशी जुळवण्याचा प्रयत्न विद्यार्थी पुष्कळदा करतात. ते जुळणार नाहीत, कारण त्या दोन भिन्न फाइली आहेत.

एक गोष्ट मात्र या घटकाच्या कक्षेबाहेरची आहे. आयएसओ उघडल्यावर आतील मराठी मजकूर अगम्य रोमन चिन्हांत दिसला, तर रूपांतर फसले असे समजू नये. युनिकोडपूर्व काळात श्रीलिपीसारख्या प्रणालींत टंकलेला मजकूर त्या-त्या फाँटवर अवलंबून असतो. इमेजचे रूपांतर त्याला स्पर्शही करत नाही. त्याचा विचार घटक ७ मध्ये येईल.

आपली प्रगती तपासा – २
१. एका ‘क्यू’ फाइलीत सात ट्रॅक आहेत, पहिला माहितीचा. रूपांतरानंतर आपल्याकडे एक आयएसओ आणि पाच वेव्ह फाइली आहेत. आपण पुढे काय कराल?
२. ‘बिन’ फाइलीचे नाव बदलून तिला ‘आयएसओ’ प्रत्यय दिल्यास ‘सीडी००१’ ही खूण अपेक्षित स्थानी का सापडत नाही? २,३५२ व २,०४८ या संख्यांच्या आधारे स्पष्ट करा.

क्षेत्रकार्य
आपल्या परिसरातील ग्रंथालयात, शाळेत किंवा घरी असलेली २०१० पूर्वीची एक सीडी मिळवा. मालकाची अनुमती घेऊन तिची इमेज तयार करा. ट्रॅकची संख्या, इमेजचा ठसा, दिलेली प्रत्येक आज्ञा व तारीख यांची एक पानी नोंद करा आणि नोंदीची एक प्रत सीडीच्या मालकाला द्या.