दोन ओढ्यांचे पाणी

मंडळी, ओढ्याचे काय असते ते तुम्हांला सांगायला नको. पावसात धो धो वाहतो, अन् चार महिन्यांनी पोरे त्यात विटीदांडू खेळतात. असल्या दोन ओढ्यांवर एक अख्खे शहर जगले, हे खरे वाटेल का?

गुजरातेत कच्छच्या रणात खदीर नावाचे बेट आहे. तेथे सुमारे ५००० वर्षांपूर्वी हे शहर वसले. आज त्याला धोलावीरा म्हणतात. मूळचे नाव कोणालाच ठाऊक नाही. वेशीवर दहा मोठ्या अक्षरांची पाटी होती, पण ती अजून पंडितांनाही वाचता आलेली नाही!

सभोवती खारट रण. बारमाही नदी नाही. पाऊस थोडा, तोही बेभरवशाचा. शहराच्या एका अंगाला मानसर अन् दुसऱ्या अंगाला मनहर, असे दोन ओढे. ते पावसाळ्यापुरतेच वाहत. मग लोकांनी काय केले? ओढ्यांना दगडी बांध घातले आणि पाणी तटाच्या आत वळवले. आत मोठमोठे हौद तयार होते. काही तर चक्क खडक फोडून केलेले. तेव्हा लोखंड माहीत नव्हते, बरे का!

तिथली जमीन सुमारे ४० फूट उतरती आहे. त्या उताराचा त्यांनी उपयोग केला. वरचा हौद भरला की पाणी खालच्यात जाई, तो भरला की त्याच्याही खालच्यात. पूर्वेकडचा एक हौद सुमारे २४० फूट लांब, ९६ फूट रुंद आणि ३३ फूट खोल आहे. उतरायला पायऱ्या आहेत. पाणी तळाला गेले तरी घागर भरता येई.

बालेकिल्ल्यावर पडलेले पाणीही ते सोडत नसत. त्यासाठी दगडी गटारे होती. गटार म्हणताच नाक मुरडू नका. त्यांतून सांडपाणी नव्हे, पावसाचे पाणी हौदाकडे जाई.

असे हे शहर सुमारे दीड हजार वर्षे नांदले. पुढे हवामान कोरडे होत गेले, वस्ती विरळ झाली. शेवटी थोडे लोक गोल झोपड्या बांधून राहिले, अन् मग तेही गेले. १९९० पासून खोदकाम झाले, तेव्हा हे हौद उजेडात आले. २०२१ साली धोलावीराला जागतिक वारशाचा मान मिळाला.

बालेकिल्ल्यात एक विहीर आहे. तिच्या काठच्या दगडावर दोर घासून पडलेल्या खाचा अजून दिसतात. आमच्या आळीतल्या जुन्या आडावर आहेत, अगदी तशाच.