स्वादुपिंडाच्या कर्करोगावरच्या ‘नेमक्या’ गोळ्या: शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या घराला किती खर्च?

सोटोरासिब ही कर्करोगावरची गोळी २०२१ मध्ये अमेरिकेत आली तेव्हा तिची छापील किंमत महिन्याला १७,९०० डॉलर होती. पुढच्या वर्षी आलेल्या अडाग्रासिब या दुसऱ्या गोळीची १९,७५०. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं निदान झालेल्या घरात हे आकडे वाचले की छातीत धस्स होतं. पण विमा असलेल्या बहुतेक घरांना ही रक्कम भरावी लागत नाही, आणि बहुतेक रुग्णांना ही औषधं लागूही पडत नाहीत. म्हणून किमतीच्या मागे लागण्याआधी दोन कागद हातात घ्या. एक ट्यूमरचा जनुकीय अहवाल, दुसरा विमा योजनेचा तपशील.

अहवालात ‘केरास’ हे जनुक शोधा. स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगात सुमारे ९० टक्के रुग्णांत त्यात बिघाड असतो. त्यापुढे जी१२डी, जी१२व्ही, जी१२आर किंवा जी१२सी असं काही लिहिलेलं असेल. सगळा हिशेब त्या शेवटच्या अक्षरावर ठरतो. जी१२डी सर्वांत जास्त, साधारण ४० टक्के. सोटोरासिब आणि अडाग्रासिब चालतात फक्त जी१२सीवर, आणि तो स्वादुपिंडात जेमतेम १ ते २ टक्के. केरासमध्ये काहीही निघो, बीआरसीएमधल्या बदलांकडेही पाहायला सांगा; केरास अगदी ठीक निघालं, तर एनआरजी१कडेही. त्यांच्यासाठी वेगळी मंजूर औषधं आहेत.

ही तपासणी महाग असते. ‘फाउंडेशनवन सीडीएक्स’ या चाचणीसाठी मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी विमा ३,५०० डॉलर मोजतो. इलिनॉयने २०२१ मध्येच कायदा करून अशा बायोमार्कर तपासण्या विम्यात घेणं बंधनकारक केलं. मात्र हा कायदा राज्याच्या देखरेखीखालच्या योजनांनाच लागू आहे. मोठ्या कंपन्या अनेकदा दाव्यांचे पैसे स्वतः भरतात, आणि अशा योजना कायद्याबाहेर राहतात. आपल्याकडे आयटीत नोकरी करणाऱ्या कितीतरी घरांचा विमा याच प्रकारचा असतो. एचआरला थेट विचारा: प्लॅन फुली-इन्शुअर्ड आहे की सेल्फ-फंडेड? सेल्फ-फंडेड असला तरी चाचणी नाकारली जाईलच असं नाही, पण आधी लेखी मंजुरी घ्या.

जी१२सी निघालाच, तर सोटोरासिब रोज ९६० मिलिग्रॅम, म्हणजे १२० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या. त्या २०२१च्या किमतीने एकेक गोळी साधारण ७५ डॉलरची पडते. दोन्ही औषधांना मूळ मंजुरी फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मिळाली होती. स्वादुपिंडात सोटोरासिबचा अभ्यास ३८ रुग्णांवर झाला आणि त्यातल्या ८ जणांची गाठ ठळकपणे आकसली. अडाग्रासिबच्या अभ्यासात २१पैकी ७ जणांची. आशेला जागा आहे, पण आकडे लहान आहेत, हे घरच्यांनी आपसात स्पष्ट बोलून घ्यावं. एनसीसीएन या अमेरिकन कर्करोग केंद्रांच्या संघटनेच्या मार्गदर्शिकेत दोन्ही औषधं असल्यामुळे विमा कंपनीला ती विचारात घ्यावी लागतात. तरीही प्रायर ऑथरायझेशन (आगाऊ मंजुरी) मागतात आणि पहिल्या फेरीत नकारही येतो. तेव्हा डॉक्टरांकडून ‘तातडीचं अपील’ करून घ्या. त्याचा निर्णय ७२ तासांत द्यावा लागतो. आणि ओमेप्राझोलसारखी अॅसिडिटीची गोळी चालू असेल तर आधी सांगा, तिच्यासोबत सोटोरासिब नीट शोषलं जात नाही.

खिशातून जाणाऱ्या पैशांना वरची मर्यादा आहे. मार्केटप्लेसच्या किंवा नोकरीच्या साधारण योजनेत २०२६ साठी नेटवर्कमधली मर्यादा एका व्यक्तीला जास्तीत जास्त १०,६०० डॉलर, कुटुंबाला २१,२००. मेडिकेअरच्या पार्ट डीमध्ये औषधांसाठी २०२६ मध्ये २,१०० डॉलर, आणि ते हप्त्यांनी भरता येतात. पण योजनेचं वर्ष १ जानेवारीला बदलत असेल तर हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. नोव्हेंबरमध्ये निदान झालं तर दोन-तीन महिन्यांत दोन वर्षांची मर्यादा भरावी लागू शकते, ती रक्कम आधीच बाजूला काढा. औषध कंपनीचं को-पे कार्ड खाजगी विम्यावर चालतं, मेडिकेअरवर नाही.

जी१२डी किंवा जी१२व्ही असलेल्यांसाठी सर्वाधिक चर्चा आहे ती रिव्होल्यूशन मेडिसिन्सच्या डॅराक्सोनरासिबची. ही गोळी केरासच्या अनेक प्रकारांवर काम करण्यासाठी बनवली आहे. जून २०२५ मध्ये एफडीएने तिला ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला. मंजुरी कुठवर आली, क्लिनिकल चाचणीत किंवा विशेष परवानगीने ती मिळेल का, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा. क्लिनिकल चाचणीत प्रायोगिक औषध सहसा फुकट मिळतं. नेहमीच्या तपासण्या आणि भेटी विमा भरतो. घरच्यांवर पडतो तो जाण्यायेण्याचा खर्च. शिकागोतली दोन मोठी कर्करोग केंद्रं म्हणजे नॉर्थवेस्टर्नचं लुरी आणि शिकागो विद्यापीठाचं. शॉमबर्ग स्टेशनवरून मेट्राने युनियन स्टेशन गाठता येतं, पण केमोनंतरच्या माणसाला गाडीच लागते. दर फेरीचं पार्किंग हिशेबात धरा. काही चाचण्यांत प्रवासाचे पैसे परत मिळतात. समन्वयकाला विचारायला संकोच करू नका.

सर्वांत बिकट अवस्था इथे राहायला आलेल्या आई-बाबांची होते. प्रवासी विम्यात आधीपासूनचा आजार बहुधा वगळलेला असतो आणि महिनोन्‌महिने चालणारे कर्करोगाचे उपचार त्यात बसत नाहीत. प्रवास झेपत असेल तर बायॉप्सीचा नमुना आणि अहवाल घेऊन परळच्या टाटा मेमोरियलला जाणं हा विचार पहिल्या आठवड्यातच करावा. त्यात कमीपणा नाही. आई-बाबांकडे ग्रीन कार्ड असेल, वय ६५च्या वर असेल आणि सलग ५ वर्षं इथे राहणं झालं असेल, तर मेडिकेअर विकत घेता येतं. अमेरिकेत कामाचा पुरेसा हिशेब नसेल तर २०२६ मध्ये पार्ट ए महिन्याला ५६५ डॉलर आणि पार्ट बी २०२.९० डॉलर; पार्ट डीचा हप्ता वेगळा. पाच वर्षं झाली नसतील तर ‘गेट कव्हर्ड इलिनॉय’ या राज्याच्या मार्केटप्लेसवर योजना पाहा.

विमा नाहीच, आणि रुग्णालयाचं बिल हातात पडलं, तर आधी क्रेडिट कार्ड काढू नका. ना-नफा रुग्णालयाला आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं. राज्याच्या कायद्याने विमा नसलेल्यांना बिलात मिळणारी सवलत इलिनॉयच्या रहिवाशांसाठी आहे, म्हणून पाहुण्या आई-बाबांसाठी रुग्णालयाचं स्वतःचं धोरण वाचा. बिलिंग विभागातून अर्ज मागून घ्या आणि कलमवार बिल मागवा. घरी आल्यावरचं पहिलं बिल निघाल्यापासून अर्जासाठी २४० दिवस मिळतात.